पातेल्यातला पंखा

"अर्ध्या तासाचं काम आहे!" तज्ज्ञांनी जाहीर केलं आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

हे वाक्य कानावर पडलं की त्या घरातली माणसं फुटण्याजोग्या वस्तू उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवत. माणसं म्हणजे आता फक्त त्यांची बायको. मुलं केव्हाच लांबच्या गावी स्थायिक झाली होती. नोकरीसाठी गेली, असं तज्ज्ञ सांगत. वडिलांच्या अर्ध्या तासांना कंटाळून गेली, असं नातेवाईक सांगत.

तज्ज्ञ हे त्यांचं नाव नव्हे. सगळी हयात त्यांनी विमा कंपनीच्या कचेरीत शिक्के मारण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, आणि रिकाम्या हातात पेचकस आला. पहिल्याच महिन्यात त्यांनी शेजाऱ्यांचा मिक्सर दुरुस्त केला. मिक्सर उत्तम चालू लागला. फक्त तो चालू केला की शेजाऱ्यांच्या दारावरची बेल वाजायची. तेव्हापासून गल्ली त्यांना तज्ज्ञ म्हणू लागली. त्यात टोमणा आहे हे लहान पोरांनासुद्धा कळत होतं. तज्ज्ञांना कळत नव्हतं. ते आनंदाने 'ओ' देत.

त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. त्या शाळेत भाषा शिकवायच्या. त्यांचा आवाज असा, की मागच्या बाकावर गुपचूप डबा खाणारा पोरगासुद्धा कविता ऐकता ऐकता चावायचं विसरायचा. शाळा सुटली, आवाज राहिला. आता तो आवाज भाजी निवडताना आपल्याशीच बोलायला वापरायचा, एवढंच उरलं होतं. अशात बाईंनी कोणालाही न सांगता एका प्रकाशकाला आपला आवाज पाठवला. हा प्रकाशक कानांनी ऐकायची पुस्तकं काढायचा. त्याला बाईंचा आवाज आवडला. एक जाडजूड कादंबरी बाईंकडून वाचून घ्यायचं जवळजवळ ठरलं.

जवळजवळच! कारण मधे आला तो डबा.

डबा म्हणजे स्विच. भिंतीवरचा, दिवा लावायचा स्विच नव्हे. हा कचेऱ्यांमधे असतो, चपटा, लांबोडका, लोखंडी. इंटरनेटची एक तार आत घ्यायची आणि चोवीस जणांना वाटून द्यायची, हे त्याचं काम. बाईंचा धाकटा भाऊ एका कंपनीत ही यंत्रं सांभाळायचा. कंपनीने जुनी यंत्रं मोडीत काढली, तेव्हा त्याने त्यातलं एक उचलून भाऊजींना भेट दिलं. तज्ज्ञांनी ते अडगळीच्या खोलीत फळीवर बसवलं आणि भिंतीभिंतीतून तारा फिरवल्या. चोवीस भोकांपैकी दोन भोकं वापरात होती. बाकीची बावीस पुढच्या पिढ्यांसाठी.

या डब्याच्या पोटात दोन छोटे पंखे होते. तो तापू नये म्हणून. काड्यापेटीएवढे पंखे, पण त्यांचा आवाज असा, की विमान धावपट्टीवर उड्डाणाच्या तयारीत उभं आहे आणि वैमानिक कुठे तरी गप्पा मारत बसलाय! दिवसरात्र तीच घरघर. बंद करायची सोय नाही, कारण "यंत्र बंद-चालू केलं की त्याचं आयुष्य घटतं," असा तज्ज्ञांचा सिद्धांत. तेव्हापासून त्या घरात सगळी संभाषणं 'काय?' या शब्दाने सुरू होत. भांडणंसुद्धा थोडक्यात आटपत. कारण टोमणा एकदा मारला तर तो टोमणा, पण तोच तीनदा ओरडून सांगावा लागला की त्यातली मजा जाते.

अडगळीची खोली बाईंच्या खोलीला लागून. मधली भिंत नावाला. पहिल्या चाचणीला बाई दोन पानं वाचून थांबल्या, तेव्हा पलीकडून प्रकाशकाच्या दिग्दर्शिकेने अदबीने विचारलं होतं, "बाई, आपण विमानतळावर राहता का?"

दुसरी चाचणी आज. दुपारी चार वाजता.

"आणि आजची शेवटची बरं का," बाई म्हणाल्या. "त्यांनी एका नटीलाही विचारून ठेवलंय. आज मागे घरघर ऐकू आली तर पुस्तक तिच्याकडे जाणार."

"म्हणूनच तर!" तज्ज्ञांनी खिशातून दोन नवे पंखे काढून हिरे दाखवावेत तसे तळहातावर दाखवले. "हे बघ! मूक पंखे. पाकिटावर लिहिलंय, झोपलेल्या बाळाच्या श्वासाइतका आवाज. जुने काढायचे, हे घालायचे. बस्स!"

"उद्या घाला ना. आजच्यापुरता मी तो डबाच बंद करते."

"डबा बंद केलास तर नेट कुठून येणार? तुझा कॉम्प्युटर आद्य काळातला, त्याला तारच लागते. आणि तार येते डब्यातून. डबा हे घराचं हृदय आहे."

"हृदयाचं ऑपरेशन परीक्षेच्या दिवशी करतात का?"

"अगं, अर्ध्या तासाचं—"

"काम आहे. ऐकलं मी," बाई म्हणाल्या, आणि काचेचा जग उचलून आत घेऊन गेल्या.

डब्याचं झाकण काढणं हे खरंच सोपं काम होतं. आठ स्क्रू काढले की झाकण निघतं. तज्ज्ञांनी सात काढले आणि आठवा आत पाडला. डबा उलटा केला, हलवला, कानाशी लावून ऐकला. आत कुठे तरी स्क्रू खुळखुळत होता आणि बाहेर यायला मुळीच राजी नव्हता. शेवटी तो सापडला तज्ज्ञांच्याच बाहीच्या घडीत. खुळखुळत होता तो दुसराच. तो कुठला, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी तो खिशात टाकला. तज्ज्ञांच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू उरायचाच. "कंपन्या जास्तीचे देतात," असं ते म्हणत.

आत धूळ इतकी, की तिथे भाजीपाला लावता आला असता. तज्ज्ञांनी फुंकर मारली. धूळ उठली, नाकातोंडात गेली, आणि सलग सात शिंका आल्या.

"ठीक आहात ना?" पलीकडून बाईंनी विचारलं.

"अगदी!"

जुने पंखे निघाले. नवे जागेवर बसलेही. पण नव्यांच्या तारांच्या टोकाला असलेलं प्लास्टिकचं बोंडूक जाड होतं आणि डब्यातली जागा बारीक. आत जाईना. तज्ज्ञांनी समजावून पाहिलं, दाबून पाहिलं, थोडी थुंकी लावून पाहिली. शेवटी मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, मी मीटिंगमधे आहे," मेहुणा कुजबुजला. "साहेब समोर आहेत. पटकन बोला."

"अरे, बोंडूक आत जात नाही."

"नव्या आणि जुन्या दोन्ही पंख्यांची टोकं नीट बघा. तारांचा क्रम— हो सर, हो हो. ते दोन्ही कापून टाकू या सर, त्यांचा आता काही उपयोग नाही."

तज्ज्ञांनी 'सर' ऐकून मान डोलावली. मेहुण्याने आपल्याला सर म्हणावं हे त्यांना योग्यच वाटलं. साहेबांसमोर घरचं नातं कशाला दाखवायचं! त्यांनी कात्री घेतली आणि सगळी टोकं कापून टाकली. नव्या पंख्यांची, आणि जुन्यांचीही.

"कापली," ते फोनवर म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकली. मग मेहुणा मीटिंगमधून बाहेर आल्याचा, दार लागल्याचा आवाज आला.

"काय कापली?"

"टोकं. तूच म्हणालास ना, दोन्ही कापून टाकू या."

"भाऊजी! साहेब विचारत होते, अहवालातले शेवटचे दोन परिच्छेद ठेवायचे का! तुम्ही जुन्या पंख्यांचीसुद्धा टोकं कापलीत?"

"शेंड्यापासून."

"अहो, म्हणजे आता जुने पंखे परत घालायची सोय नाही!"

"परत घालायचे कशाला? पुढे जायचं. माघार मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," मेहुणा म्हणाला. "ताईच्या परीक्षेला किती वेळ आहे?"

वेळ फार नव्हता. मेहुण्याने फोनवरून सांगितलं, तज्ज्ञांनी ऐकलं, आणि या वेळी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. "हे मला सांगतोयस की साहेबांना?" असं! जुन्यांची बारीक टोकं नव्या पंख्यांच्या तारांना पिळून जोडायची. लाल तार वीज आणते, काळी ती परत नेते, पिवळी डब्याला सांगते की पंखा किती वेगाने फिरतोय. जुळवाजुळव झाली. चिकटपट्टी लागली. तज्ज्ञांच्या दोन बोटांनाही एकमेकांशी चिकटपट्टी लागली, पण ते नंतर बघता येणार होतं. त्यांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

आणि काहीच ऐकू आलं नाही!

दिवे लागले. हिरवे, नीटस, ओळीने. पंखे फिरत होते. पण आवाज नाही! तज्ज्ञांनी कान जवळ नेला. खरंच, झोपलेलं बाळ! त्यांनी धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं. दोघंही दारात उभी राहिली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्या घराला घराचा आवाज ऐकू येत होता. स्वयंपाकघरातला फ्रिज. भिंतीवरचं घड्याळ. खाली कुणी तरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "किती छान वाटतंय."

'काय?' असं न विचारता तज्ज्ञांना ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं. त्यांची छाती शर्टाबाहेर यायची तेवढी राहिली.

"म्हटलं नव्हतं? अर्ध्या—"

टीं!

दोघांनी डब्याकडे पाहिलं. एक हिरवा दिवा लाल झाला होता.

टीं! टीं! टीं!

"हे काय?"

"स्वागत करतोय," तज्ज्ञ म्हणाले.

टींटींटीं वाढत गेलं, दुसरा दिवा लाल झाला, आणि मग डब्याने एक सुस्कारा टाकला आणि सगळे दिवे मालवून तो गप्प पडला. बाईंच्या खोलीतून कॉम्प्युटरने कळवलं, की नेट गेलं.

बाईंनी तज्ज्ञांकडे नुसतं पाहिलं. तेच वाईट होतं. शाळेतही, ज्याच्यावर बाई ओरडल्या तो मुलगा सुटला असं मानत. ज्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो दुसऱ्या दिवशी आजारी पडायचा.

"सोपं आहे," मेहुणा फोनवर म्हणाला. आता तो जिन्यात उभा राहून बोलत होता. "नवे पंखे हळू फिरतात. म्हणून तर आवाज नाही. पण डब्याला इतकी वर्षं आरडाओरड्याची सवय. पिवळ्या तारेवरून त्याला कळतं, पंखा सावकाश फिरतोय. तो समजतो, पंखा मेला. मग तापून जळायला नको म्हणून स्वतःला बंद करतो."

"अरे, पण फिरतोय ना!"

"तुम्ही-आम्ही सांगून तो ऐकणार आहे का?"

"मग आता?"

"त्याला फसवायचं. नवे पंखे आत राहू देत, थंड करायचं काम ते करतील. एक जुना पंखा डब्याबाहेर चालू ठेवा. त्याची पिवळी तार डब्यातल्या दोन्ही पिवळ्यांच्या जागी जोडा. तो पूर्वीसारखा जोरात फिरेल, आणि डब्याला वाटेल, सगळं आलबेल आहे."

"पण तो जुना तर बोंबलणार!"

"हो, बोंबलणार," मेहुणा म्हणाला. "ते तुमचं तुम्ही बघा. मला आत जायला हवं. एकच सांगतो, तारा नुसत्या पिळलेल्या आहेत. त्या हलल्या की पिवळी सुटली. पिवळी सुटली की डबा झोपला. डबा झोपला की ताई गेली!"

चार वाजायला आले होते. बाई आपल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर हलक्या आवाजात बोलत होत्या. प्रकाशकाला वेळ मागत असाव्यात, असं वाटून तज्ज्ञांनी पेचकस खाली ठेवला. असं ते सहसा करत नसत. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांची बेल, ही सगळी वस्तूंची गोष्ट. वस्तू मोडली तर दुसरी आणता येते. पण ही बाई गेले कित्येक दिवस दार लावून वाचनाचा सराव करत होती. आणि त्यातला एक शब्दही आपल्याला ऐकू आला नव्हता. कारण आपणच भिंतीला विमान टांगून ठेवलं होतं!

त्यांनी जुना पंखा जोडला. डबा जागा झाला, दिवे हिरवे झाले, आणि पंख्याने ती परिचित गर्जना सुरू केली. त्यांनी तो रजईत गुंडाळला. रजई पात्यांत अडकली, पंखा थबकला, डबा 'टीं' म्हणाला. रजई काढली. गर्जना! मग त्यांना सुचलं ते मोठ्या कारखान्यातल्या इंजिनीअरलाही सुचलं नसतं. ते स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांत मोठं पातेलं घेऊन आले.

पातेल्यात पंखा, पण तळाला न टेकवता. टेकला की पातेलं नगाऱ्यासारखं वाजायचं. म्हणजे पंखा हातात धरायचा, अधांतरी. वर झाकण, तारा जातील एवढी फट ठेवून. भोवती रजई. रजईभोवती दुसरी रजई. आणि या सगळ्याभोवती, मांडी घालून बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत पातेल्यात घातलेले, तज्ज्ञ. डोक्यावरून तिसरी रजई.

दार उघडून बाईंनी आत डोकावलं. पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असेच बसणार?"

"हललो तर नेट जाईल," रजईतून आवाज आला. "तू वाच. निर्धास्त वाच. डबा माझ्या हातात आहे."

"गुदमरणार नाही ना?"

"अगं, जा! चार वाजले!"

"बोलू नका मग," बाई म्हणाल्या. "एक अक्षरसुद्धा."

दार हळूच लागलं.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. पातेल्यात पंखा भुंग्यासारखा गुणगुणत होता, एवढाच आवाज. रजईच्या फटीतून तज्ज्ञांना डब्याचे हिरवे दिवे दिसत होते. आणि भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येऊ लागला.

कादंबरी एका नावाड्याची होती. नदीला पूर, नावेत एक आजारी बाई आणि तिचं तान्हं मूल, आणि मधोमध प्रवाहात नावेच्या तळाला भोक पडतं. नावाडी वल्ही सोडतो आणि त्या भोकावर तळहात दाबून बसतो. हात काढला तर नाव बुडणार. काढायचा नाही!

तज्ज्ञांनी पंखा आणखी घट्ट धरला. अगदी आपलीच गोष्ट!

बाई वाचत होत्या. घाईत नाही, नाटकी नाही. नदी बोलायची तेव्हा नदीसारख्या, मूल रडायचं तेव्हा थांबून, श्वास धरून. तज्ज्ञ बोटाला बोट चिकटलेल्या अवस्थेत, घामाच्या धारांत बसले होते आणि तोंड उघडं टाकून ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली. ही असं वाचते?

तेवढ्यात डाव्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी दुर्लक्ष केलं. नावाड्यालाही येत असतील. मग उजव्या पायाला आल्या. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. हात पातेल्यात. त्यांनी नाक झाकणाच्या कडेला घासलं. झाकण किणकिणलं. ते गोठून गेले. दिवे हिरवे होते. भिंतीपलीकडे नावेत पाणी चढत होतं.

आणि मग शर्टाच्या खिशातला फोन थरथरला!

मीटिंगमधून सुटलेल्या मेहुण्याला बहिणीची काळजी वाटत होती. फोन खिशात, खिसा छातीवर, छातीला टेकलेलं पातेलं. पातेलं गुर्रर्र करू लागलं! तज्ज्ञांनी हनुवटी खाली घातली आणि फोन छातीवर दाबून धरला. थरथर दातांत शिरली. दात कडकड वाजू लागले. फोन थांबला. हुश्श! परत वाजला. मेहुणा चिकाटीचा होता, आईच्या वळणावर गेलेला.

"मेल्या, ठेव!" तज्ज्ञ मनातल्या मनात ओरडले. "ठेव रे, नाव बुडतेय!"

फोन थांबला. पलीकडे नावाडी थकून डोळे मिटत होता. आणि आजारी बाई क्षीण आवाजात त्याला म्हणत होती, "दादा, हात काढ आता. तुझा जीव तरी वाचव." नावाडी म्हणाला, "हात माझा राहिलाय कुठे? तो आता नावेचा झालाय."

तज्ज्ञांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं. ते नाकावाटे उतरलं. नाकात मघाची धूळ होती. पाणी आणि धूळ यांची भेट झाली, आणि तज्ज्ञांना कळून चुकलं, की शिंक निघाली आहे.

त्यांनी जीभ टाळूला लावली. श्वास कोंडला. डोळे गच्च मिटले. विमा कंपनीच्या सगळ्या साहेबांची तोंडं एकेक करून आठवली. शिंक परतली. परतली असं वाटलं. ती जरा मागे सरकून धावत येत होती, एवढंच!

पलीकडे बाई थांबल्या. पान उलटण्याइतकं थांबल्या. पूर्ण शांतता. नेट गेलं की काय? दिवे बघायला तज्ज्ञांनी मान वर केली, आणि...

शिंक रजईत जिरली. आवाज झाला तो उशी आपटावी तेवढाच. पण हात हलले. बोटांखाली काही तरी 'तुट्' झालं. पातेल्यातला भुंगा गप्प झाला. एक दिवा लाल. दुसरा लाल. डब्याने 'टीं' म्हणायला तोंड उघडलं, तशी तज्ज्ञांनी झेप घेऊन त्याच्यावर रजई टाकली आणि रजईवर स्वतःला टाकलं. डबा त्यांच्या पोटाखाली दोनदा कण्हला, सुस्कारा टाकला आणि मालवला.

संपलं!

नेट गेलं. पुस्तक गेलं. नटी आली.

तज्ज्ञ रजईवरून खाली उतरले. मग रांगत दारापर्यंत गेले. पायांत अजून मुंग्या होत्या. उठून उभं राहायचं धाडसही नव्हतं. बायकोच्या तोंडाकडे रांगत जाऊनच पाहता आलं असतं, उंचीवरून नाही. त्यांनी बाईंच्या खोलीचं दार बोटभर उघडलं.

बाई वाचत होत्या.

डोक्यावर हेडफोन, समोर पडद्यावर दिग्दर्शिकेचा चेहरा. हनुवटीवर मूठ ठेवून ऐकत असलेला, जिवंत, हलणारा चेहरा! पापण्या लवत होत्या. तज्ज्ञांना वाटलं आपल्यालाच घेरी आलीय. त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी वाचनात खंड न पाडता नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहावं तसं. तज्ज्ञांनी तोंड मिटलं. दुसरी शिंक येत होती, तिच्यासाठी रजईचं टोक दातांत धरलं आणि ते उंबऱ्यावरच बसून राहिले.

नाव काठाला लागली. बाईंनी पुस्तक मिटलं. मग निकाल दोघांनाही ऐकू यावा म्हणून हेडफोनची पिन उपटली.

"बाई," दिग्दर्शिका वहीतलं एक नाव खोडत म्हणाली, "त्या नटीला मी आजच नाही कळवते. पुढच्या आठवड्यात सुरू करू या. आणि आज मागे टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही! गेल्या वेळी विमान काय, कुणी तरी सारखं 'आटपलं का?' म्हणून विचारतंय काय... आज हे सगळं कसं घालवलंत?"

"थोडी व्यवस्था केली," बाई म्हणाल्या.

पडदा काळा झाला. तज्ज्ञांनी तोंडातून रजई काढली.

"पण... पण डबा तर बंद पडला! मघाशीच! तार तुटली!"

"असेल."

"मग नेट?"

"ते इथून येतंय," बाईंनी खिडकीजवळच्या छोट्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवलं. नेटची तार बाहेरून घरात शिरते ती तिथेच. "मी नेटच्या कंपनीला फोन केला होता. तिथली मुलगी म्हणाली, आजी, तार तुमच्याच खोलीत येते, इथून ती तुमच्या मिस्टरांकडे जाते, आणि तिथून परत तुमच्याच खोलीत येते. मग मधे मिस्टरांकडे कशाला पाठवता? सरळ कॉम्प्युटरला जोडा. जोडली."

"केव्हा?"

"तुम्ही पातेलं घ्यायला गेलात तेव्हा."

तज्ज्ञांनी हिशेब लावला. पातेलं, तीन रजया, मुंग्या, फोन, शिंक, नावाडी. सगळं त्याच्यानंतरचं.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?" ते कळवळून म्हणाले. "मी आत बसून मरत होतो!"

"सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर असता," बाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी पातेलं उचललं आणि घासायला टाकलं.

कादंबरीचं वाचन आता रोज दुपारी चालतं. डबा मेहुण्याने परत नेला. ज्याचा कोणाचा पुढचा वाढदिवस असेल, त्याला तो मिळेल. अडगळीची खोली रिकामी झाली. आणि वाचन सुरू झालं, की तज्ज्ञ आपण होऊन त्या खोलीत जाऊन बसतात, दार लावून, भिंतीला कान टेकवून. मांडीवर पातेलं मात्र असतं, रजईत गुंडाळलेलं. पंखा नाही, तार नाही, काही नाही. पण माणसाने नुसतंच बसून बायकोचं ऐकायचं म्हणजे गल्लीत कळलं तर काय म्हणतील!